रोजमेळ ते आलेख : ऑनलाइन हिशेब वेबपानावर खरा कसा दिसेल?

ईद होऊन आठ-दहा दिवस झाले की कापडाच्या, पादत्राणांच्या आणि अत्तराच्या दुकानांत एकच प्रश्न निघतो. यंदाचा धंदा गेल्या वर्षापेक्षा वाढला की घटला? या प्रश्नाच्या उत्तरावरच पुढच्या हंगामाचा माल ठरतो आणि ठोक व्यापाऱ्याकडे किती उधारी करायची तेही ठरते.

पूर्वी हे उत्तर रोजमेळातून काढले जाई. आता अनेक दुकानांची विक्री संगणकावर नोंदली जाते, ती नोंद इंटरनेटवरील डेटाबेसमध्ये साठते आणि घरातला मुलगा मोबाइलवर एक वेबपान उघडून रंगीत खांबांचा आलेख दाखवतो. समजा, २०२५ च्या ईदनंतर त्याने असा आलेख वडिलांना दाखवला. मार्च महिन्याचा खांब मागील मार्चच्या जवळजवळ दुप्पट! मुलगा म्हणतो, "अब्बा, धंदा दुप्पट झाला." वडील म्हणतात, "बेटा, गल्ला तर तसे सांगत नाही." दोघांपैकी बरोबर कोण? याचे उत्तर या लेखात पुढे येईलच. त्याआधी वहीतला आकडा वेबपानावरच्या चित्रात कसा पोहोचतो, हे समजून घेऊ. ही वाट ज्याला ठाऊक आहे, त्याला चित्र फसवू शकत नाही.

आलेख व्यापारासाठीच जन्मला

आलेख ही शाळेच्या पुस्तकातली वस्तू आहे, असे अनेकांना वाटते. परंतु विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये आलेखांचे जे प्रसिद्ध पुस्तक छापले, ते इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे होते. वर्षानुवर्षांचे आकडे त्याने चढउताराच्या रेषांनी दाखवले. स्कॉटलंडचे मात्र १७८०-८१ या एकाच वर्षाचे आकडे त्याच्या हाती होते. एका वर्षाची रेषा कशी ओढणार? म्हणून त्याने १७ ठिकाणांशी झालेला व्यापार आडव्या पट्ट्यांनी दाखवला. आजही नियम तोच आहे. काळाबरोबर होणारा बदल दाखवायचा असेल तर रेषा घ्यावी. वस्तू-वस्तूंची किंवा दुकान-दुकानांची तुलना करायची असेल तर खांब किंवा पट्ट्या घ्याव्यात.

चार टप्पे : वही, मुनीम, चिठ्ठी आणि फळा

ऑनलाइन डेटाबेस म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेली वही होय. मायएसक्यूएल हा त्यातला बहुपरिचित डेटाबेस १९९५ पासून वापरात आहे आणि त्याची मोफत आवृत्ती मिळते. वहीत किमान चार रकाने हवेत : तारीख, वस्तू, नग आणि रक्कम. रकाना आखतानाच दोन गोष्टी पाळाव्यात. तारखेचा रकाना 'तारीख' या प्रकारचाच ठेवावा, साध्या मजकुराचा नव्हे. मजकूर म्हणून लिहिलेली ०२/०४/२०२५ ही तारीख ३१/०३/२०२५ च्या आधी लागते, कारण संगणक पहिले अक्षर पाहून क्रम लावतो. रकमेचा रकाना 'डेसिमल' प्रकारचा ठेवावा. 'फ्लोट' हा प्रकार पैशांच्या हिशेबाला चालत नाही. त्यात अपूर्णांकांचे बारीक फरक राहतात.

दुसरा टप्पा मुनिमाचा. वेबपान थेट वहीला हात लावत नाही. मध्ये सर्व्हरवर पीएचपी किंवा तशाच एखाद्या भाषेत लिहिलेली छोटी आज्ञावली बसते. वहीच्या कुलपाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त तिच्याकडे असतो. ती वहीला एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारते : "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतची विक्री दे, दिवसागणिक बेरीज करून दे आणि तारखेच्या क्रमाने दे." रोजमेळातून खतावणी काढण्याचेच हे काम आहे. हजार पावत्या असल्या तरी वही तीस दिवसांच्या तीसच ओळी परत देते. बेरीज इथेच करून घ्यावी. हजार पावत्या मोबाइलवर पाठवून तिथे बेरीज करू नये.

तिसरा टप्पा चिठ्ठीचा. मुनीम मिळालेल्या ओळी जेसन नावाच्या साध्या मांडणीत लिहून पाठवतो. तारीख आणि तिच्यापुढे रक्कम, एवढीच ती मांडणी. इथे एक चूक वारंवार होते. डेसिमल रक्कम पुष्कळदा आकडा म्हणून न येता अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून येते. मग १०० आणि २०० यांची बेरीज ३०० न होता, दोन्ही शेजारी चिकटून १००२०० होते! म्हणून चिठ्ठी लिहितानाच रकमेचे आकड्यात रूपांतर करावे. तसेच चिठ्ठीत लाख-हजाराचे स्वल्पविराम घालू नयेत. ते चित्रावर दाखवताना घालावेत.

चौथा टप्पा फळ्याचा, म्हणजे वेबपानाचा. पानातील जावास्क्रिप्ट ही चिठ्ठी मागवते आणि चित्र काढणाऱ्या तयार साधनाच्या हाती देते. चार्ट-जेएस हे असे मोफत साधन २०१३ पासून उपलब्ध आहे. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : चित्राचा प्रकार, खाली लिहायची नावे आणि त्यांच्यासमोरचे आकडे. बाकी रेघोट्या ते स्वतः ओढते. वहीत नवी पावती चढली की पान पुन्हा उघडताच चित्र बदलते. चित्र रोज हाताने काढावे लागत नाही, हाच या खटाटोपाचा लाभ.

किल्ली फळ्यावर लिहू नका

काही नवशिके घाईत डेटाबेसचा पासवर्ड वेबपानाच्या मजकुरातच लिहून ठेवतात. वेबपानाचा मूळ मजकूर कोणालाही दोन बटणे दाबून वाचता येतो. म्हणजे दुकानाची किल्ली शटरवर टांगून घरी जाण्यासारखेच हे झाले. पासवर्ड मुनिमाकडेच राहू द्यावा. त्यातही आलेखासाठी वेगळे खाते काढावे आणि त्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी, लिहिण्याची वा खोडण्याची नव्हे. पान पाहणाऱ्याने निवडलेली तारीख किंवा वस्तू प्रश्नात जशीच्या तशी जोडू नये. 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' या पद्धतीनेच ती द्यावी. नाहीतर तारखेच्या जागी कोणी वही पुसण्याचा हुकूम लिहील आणि मुनीम तो मुकाट्याने पाळील. वाचण्यापुरते खाते असेल तर निदान वही शाबूत राहते.

गिऱ्हाइकांची नावे, त्यांची उधारी, कारागिरांची मजुरी ही आपल्याकडची अमानत आहे. ती चिठ्ठीत घालूच नये. "पानावर दिसत नाही, मग काय बिघडले?" असे म्हणून चालत नाही. चिठ्ठीत आलेली प्रत्येक गोष्ट मोबाइलपर्यंत पोहोचलेली असते. दुकानाचा आलेख सर्वांसाठी नसेल तर त्या पानाला आणि चिठ्ठी देणाऱ्या मुनिमालाही प्रवेशाची अट घालावी. ज्यांच्याकडे आज्ञावली लिहिणारा कोणी नाही, ते गूगल शीटमध्ये हिशेब ठेवून त्यातला आलेख वेबवर प्रसिद्ध करू शकतात. परंतु असे प्रसिद्ध केलेले चित्र दुवा हाती आलेला कोणीही पाहू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

न दिसणारे दिवस

वहीला दिवसागणिक बेरीज मागितली तर ज्या दिवशी एकही पावती नाही, त्या दिवसाची ओळच ती देत नाही. जुम्म्याला दुकान बंद असेल तर चित्रात गुरुवारनंतर सरळ शनिवार येतो. पंधरा दिवस दुकान बंद राहिले तरी रेषा अखंड दिसते आणि दैनंदिन सरासरी फुगून येते, कारण ती फक्त चालू दिवसांनी भागलेली असते. यावर उपाय असा. सर्व तारखांची एक वेगळी छोटी सारणी ठेवावी आणि विक्रीची सारणी तिला जोडावी. दुकान बंद असेल तिथे शून्य लिहावे. दुकान चालू असून नोंदच झाली नसेल तर तिथे शून्य न लिहिता जागा रिकामी सोडावी. शून्य म्हणजे 'विक्री झाली नाही' आणि रिकामे म्हणजे 'ठाऊक नाही'. या दोहोंत मोठा फरक आहे.

दिवस केव्हा बदलतो हाही प्रश्न आहे. सर्व्हरचे घड्याळ पुष्कळदा जागतिक वेळेवर चालते. ती आपल्या साडेपाच तास मागे असल्याने तिथली तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. घड्याळ भारतीय वेळेवर लावले तर ती मध्यरात्री बदलते आणि चाँदरातीची विक्री दोन दिवसांत विभागली जाते. त्या रात्री दुकानदार मात्र शटर पडेपर्यंतचा गल्ला एकाच दिवसाचा मानतो. म्हणून घड्याळावर विसंबू नये. 'व्यवहाराचा दिवस' असा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि गल्ला बंद करताना तो भरावा.

अब्बा बरोबर की बेटा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे ईद इंग्रजी वर्षात दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येते. महाराष्ट्रात ईदुल फित्र २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. म्हणजे २०२४ मध्ये खरेदीचे शेवटचे दहा दिवस एप्रिलमध्ये पडले, तर २०२५ मध्ये तेच दिवस मार्चमध्ये गेले.

आपल्या उदाहरणातील दुकानाचे आकडे असे समजू. २०२४ मध्ये १२ ते ३१ मार्च या वीस दिवसांत विक्री २,४०,००० रुपये आणि १ ते १० एप्रिल या दहा दिवसांत ३,६०,००० रुपये. २०२५ मध्ये १ ते २० मार्चला २,१०,००० रुपये आणि २१ ते ३० मार्चला ३,३०,००० रुपये. ईदच्या दिवशी दुकान बंद. एरवी रोजची विक्री ४,००० रुपये.

महिन्यांचा आलेख काढला तर मार्चचा खांब २,८४,००० वरून ५,४०,००० वर चढतो. मुलाने पाहिले ते हेच. परंतु एप्रिलचा खांब ४,३६,००० वरून १,२०,००० वर कोसळतो. नुसता तोच पाहिला असता तर धंदा बुडाला असे वाटले असते. दोन्ही खांबांतले आकडे बरोबर आहेत, मात्र त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. आता चित्राखाली महिने न लिहिता 'ईदला किती दिवस बाकी' असे लिहू : ३०, २९, २८ असे १ पर्यंत. ईदपूर्वीच्या तीस दिवसांची बेरीज २०२४ मध्ये ६,००,००० रुपये आणि २०२५ मध्ये ५,४०,००० रुपये. धंदा दुप्पट झाला नाही, उलट दहा टक्के घटला. अब्बांचा गल्ला खरे सांगत होता. मुलाच्या सांगण्यावरून दुप्पट माल उधारीवर भरला असता तर तो गोदामात पडून राहिला असता.

हे करण्यासाठी डेटाबेसमध्ये ईदच्या तारखांची एक छोटी सारणी ठेवावी आणि विक्रीची तारीख ईदच्या तारखेतून वजा करून बाकी दिवस काढावेत. तारखा आपल्या शहरात जाहीर झाल्याप्रमाणे हाताने भराव्यात. संगणकातील हिजरी दिनदर्शिका गणिताने चालते, आपली ईद चंद्रदर्शनाने ठरते आणि दोहोंत एका दिवसाचा फरक पडू शकतो. २०२४ मध्ये केरळात ईद १० एप्रिलला झाली होती. अनेक राज्यांत माल पाठवणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणची तारीख वेगळी नोंदवावी. दिवाळीच्या हंगामालाही हीच रीत लागू पडते, कारण तीही इंग्रजी तारखेला बांधलेली नाही.

शेवटची खबरदारी उभ्या पट्टीची. पट्टी शून्याऐवजी ५,००,००० पासून सुरू केली तर ६ लाखांचा खांब एक लाख उंच आणि ५ लाख ४० हजारांचा फक्त चाळीस हजार उंच दिसतो. दहा टक्क्यांची घट मग साठ टक्क्यांची भासते. खांबांचा आलेख नेहमी शून्यापासूनच सुरू करावा. भागीदाराला नफा-तोटा दाखवताना तर हे विशेष पाळावे. आकडा खरा ठेवून चित्राने फसवणे हीदेखील फसवणूकच होय.

थोडक्यात, रकाने नीट आखावेत, किल्ली मुनिमाकडे ठेवावी, चिठ्ठीत गरजेपुरतेच द्यावे, रिकामे दिवस लपवू नयेत आणि हंगामाची तुलना हंगामाशी करावी. नवे पान तयार झाले की कोणताही एक दिवस निवडून त्या दिवसाच्या पावत्यांची बेरीज हाताने करावी आणि चित्रातील आकड्याशी ताडून पाहावी. मेळ बसला तरच त्या चित्राच्या भरवशावर मालाची मागणी नोंदवावी.