तिसरी गाय घेण्यापूर्वी

कोरडवाहू ज्वारी पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात दोन गाई असल्या म्हणजे दुधाचे पैसे वेळच्या वेळी हाती येतात. मग तिसरी गाय घेतल्यास प्राप्ती दीडपट होईल, असे त्यास वाटू लागते. हा हिशेब अपुरा आहे. गाय घेण्यापूर्वी कडब्याची गंजी मोजली पाहिजे.

सुमारे ४०० किलो वजनाच्या गाईस रोज १० ते १२ किलो आहार, कोरड्या वजनाने, लागतो. हिरवी वैरण व पेंड देऊनही त्यांत ६ किलो कडबा धरला, तर एका गाईस वर्षाला सुमारे २,२०० किलो कडबा हवा. समजा, रानात ४,५०० किलो कडबा निघतो. तो दोन गाईंस जेमतेम पुरेल. तिसरीचा कडबा विकतच घ्यावा लागेल, आणि पहिल्या दोघींची कमाई तिच्या दावणीत जाण्याचा संभव आहे.

घरचा कडबा फुकटचा मानणे ही दुसरी चूक होय. तो बाजारभावाने खर्चात मांडावा. त्याचप्रमाणे घरी खर्ची पडलेले दूध, वासराची किंमत व शेणखत ही जमेस धरावीत. चांगल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का असते. म्हणजे एका टनात ५ किलो, सुमारे ११ किलो युरियाइतके. ते सर्व पहिल्याच वर्षी पिकास मिळत नाही. तथापि जमिनीचा कस त्याने टिकतो. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या व मूत्र गोठ्यातच मुरू दिले, तर ही जमा बुडते. यास्तव शेण, मूत्र व उष्टावळ खड्ड्यात कुजवावी.

जनावरे हा अडचणीतील आधार खरा. परंतु अवर्षणात धान्य व चारा एकदमच बुडतात. २०१२-१३ व २०१८-१९ मध्ये राज्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे विसरू नये. सुगीत सर्व कडबा न विकता दोन-तीन महिन्यांचा साठा राखावा व कुट्टी करूनच घालावा, म्हणजे नासाडी कमी होते.

कार्यकर्त्यांनी सुगीनंतर शेतकऱ्याजवळ बसून हा जमाखर्च लिहून काढावा. गोठा किती मोठा असावा, हे त्याची गंजीच सांगेल.