हिरवा रिपोर्ट आणि खाडीची माती

वसई पश्चिमेला खाडीकडच्या जमिनीत खोदलं की आधी मुरमाचा भराव लागतो आणि त्याखाली काळी-निळसर, मऊ चिकणमाती. एसपीटी या भेदन चाचणीच्या वेळी हातोडा पडायच्या आधीच रॉड स्वतःच्या वजनाने उतरतात. अशाच एका प्लॉटवर तळघरासाठी साडेचार मीटर खोदाई शीट पाईलच्या आधाराने चालली होती. पहिल्या मोठ्या पावसानंतर शीट पाईल आत झुकले, खड्ड्याचा तळ फुगून वर आला आणि शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलला तडे गेले. खड्डा घाईने मुरमाने भरून घेतला, म्हणून माणसं वाचली.

सोसायटीने मला बोलावलं, तेव्हा डिझाइनची फाइल पाहिली. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट रंगीत, देखणा होता आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी पुरेसा होता. गणितात चूक नव्हती, चूक आत भरलेल्या मातीत होती. चिकणमातीला मोर-कूलंब मॉडेल, निचरा न होणारी स्थिती, पण ताकद मात्र निचऱ्यानंतरच्या प्रभावी (इफेक्टिव्ह) कोहिजन आणि घर्षणकोनाची. खरी मऊ माती कातरली जाते तेव्हा तिच्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ताकद घटते. या साध्या मॉडेलला ती घट दिसतच नाही, त्यामुळे माती आहे त्याहून दणकट ठरते.

हे नवीन नाही, म्हणूनच जास्त टोचतं. सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेजवळची मेट्रोची खोल खोदाई कोसळून चार जण गेले. तिथेही सागरी चिकणमातीच होती. आधाराच्या तुळयांचे जोड कमकुवत होतेच, पण चौकशीत मातीच्या मॉडेलची हीच निवडही दोषी ठरली. खोदाईच्या आधारभिंतीचं वाकणं त्यामुळे गणितात कमी दिसलं होतं.

म्हणून संगणक उघडण्याआधी कागदावर एक भागाकार करा. मातीचं एकक वजन गुणिले खोली, भागिले निचरा न होतानाची ताकद. त्या प्लॉटवर नंतर व्हेन शिअर चाचणीत ताकद १२ किलोपास्कल आली. एकक वजन १६ गुणिले खोली साडेचार म्हणजे ७२, भागिले १२ म्हणजे ६. हा आकडा सहाच्या जवळ गेला की शीट पाईल कितीही जाड घेतले तरी तळ उचलला जाऊ शकतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सॉफ्टवेअरचं उत्तर याच्याशी जुळत नसेल तर फाइल परत पाठवा. जागेवरची व्हेन शिअर चाचणी मागून घ्या. बोअरमधून वर येईपर्यंत अशा मातीचा नमुना बिघडलेला असतो, त्यामुळे केवळ प्रयोगशाळेतल्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याची पातळीही तपासा. मे महिन्यातल्या बोअरची पातळी जुलैच्या खड्ड्याला लावलेली मी वारंवार पाहिली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ती जमिनीलगत धरावी.

वसई पूर्वेला, तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्याशी प्रश्न वेगळा. जुलै २०२२ मध्ये वाघरालपाड्यात दरड घरावर आली, माणसं दगावली. अशा उतारावर खडकावर मातीचा पातळ थर बसलेला असतो आणि तो खडकाच्या पृष्ठावरून सरकतो. सॉफ्टवेअर मात्र न सांगितल्यास गोल घसरणच शोधत बसतं. सरळ किंवा तुटक घसरणपृष्ठही तपासायला लावा. सर्वात कमी फॅक्टर ऑफ सेफ्टी शोधजाळ्याच्या कडेवर सापडला, तर जाळं वाढवून पुन्हा चालवा, कारण खरा नीचांक बाहेर राहिलेला असू शकतो.

आणि काम सुरू झाल्यावर शीट पाईलमागे इन्क्लिनोमीटर, पाण्यासाठी पिझोमीटर बसवून घ्या. किती मिलिमीटर हलल्यावर पोकलेन थांबवायचं आणि थांबवण्याचा अधिकार साइटवर कोणाचा, हे पहिली बादली निघण्याआधी लिहून, सह्या करून ठेवा.