एक इंजिन, दोन प्रवाह

महाविद्यालयाच्या वार्षिकात खेळण्यातल्या आगगाडीवर लेख कसला, असे काही जण म्हणतील. म्हणोत बापडे. हौशी मंडळी या गाड्यांना प्रतिकृती म्हणतात, आणि त्यांच्यात वारकरी-रामदासींसारखे दोन पंथ आहेत. जर्मनीतील गॉपिंगेन गावची मार्क्लिन ही जुनी कंपनी आपल्या गाड्या प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे ए.सी.वर, चालवीत आली. इतर बहुतेकांनी एकदिश प्रवाह, म्हणजे डी.सी., पत्करला. एच-ओ मापात रुळांमधले अंतर दोघांचेही साडेसोळा मिलिमीटर. त्यामुळे एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर बसते, धावत मात्र नाही.

माझ्या मामांकडे मार्क्लिनचे असे एक जुने इंजिन आणि थोडे रूळ आहेत. त्याचा ए.सी. ट्रान्सफॉर्मर घर बदलताना हरवला. घरी १२ व्होल्टचा डी.सी. नियंत्रक आहे, ए.सी.चा माझ्या एका मित्राकडे आहे. "दोन्हींवर चालव, पण आतले जुने काही कापून टाकायचे नाहीस," ही मामांची अट. या अटीमुळेच मला विषयाच्या मुळाशी जावे लागले.

साध्या डी.सी. इंजिनातल्या मोटरीत कायमचा लोहचुंबक असतो. त्याच्या क्षेत्रात आर्मेचर फिरते. प्रवाहाची दिशा उलटली की फिरण्याची दिशा उलटते. अशी मोटर थेट ए.सी.वर लावली तर तिला सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे जाण्याचा हुकूम मिळतो. ती गुणगुणते, थरथरते, तापते. वेळीच बटण बंद केले नाही तर गुंडाळी जळते.

मामांच्या इंजिनातली मोटर वेगळी. तिच्यात लोहचुंबकाऐवजी तारेची गुंडाळी आहे. तिला फील्ड म्हणतात. तोच प्रवाह आधी फील्डमधून आणि मग आर्मेचरमधून जातो. ए.सी.त प्रवाह उलटला की दोन्ही एकदम उलटतात, आणि शाळेत शिकलेला नियम लागू होतो: उणे गुणिले उणे बरोबर अधिक. मोटर त्याच दिशेने फिरत राहते. म्हणून ती डी.सी.वरही चालते, एका तारेलाही हात न लावता. खऱ्या जर्मन रेल्वेनेही याच जातीच्या मोटरी ए.सी.वर चालवल्या, मोठ्या मोटरीत पन्नास आवर्तनांना ठिणग्या फार उडत, म्हणून तिथे १६⅔ आवर्तनांचा खास प्रवाह ठेवला गेला. आपल्याकडे १९७५ पासून आलेल्या डब्ल्यूसीएएम-१ इंजिनांना मुंबईत १५०० व्होल्ट डी.सी. आणि विरारपलीकडे २५,००० व्होल्ट ए.सी. अशी दोन्ही कामे करावी लागत. त्यांनी वेगळी वाट धरली: ए.सी. आत घेऊन आधी उतरवायचा, मग त्याचा डी.सी. करून मोटरींना द्यायचा. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचा डी.सी. २०१६ मध्ये संपला.

अडचण उरते ती मागे जाण्याची. ध्रुव बदलले तरी मोटर दिशा बदलत नाही, हे वर आलेच. मार्क्लिनने फील्डच्या दोन उलटसुलट गुंडाळ्या केल्या आणि एक रिले बसवला. २४ व्होल्टचा झटका दिला की रिले एक गुंडाळी सोडून दुसरी धरतो. आमचा १२ व्होल्टचा नियंत्रक हा झटका देणार कुठून? यावर उपाय दोन डायोडांचा. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. एका गुंडाळीच्या टोकाला एक डायोड, दुसरीच्या टोकाला त्याच्या उलट तोंडाचा दुसरा. आता प्रवाह एका दिशेने आला तर पहिल्या गुंडाळीतून जातो, उलट आला तर दुसरीतून. गंमत अशी की दोन्ही वेळा फील्डचे चुंबकत्व एकाच बाजूचे राहते आणि फक्त आर्मेचरचा प्रवाह उलटतो. थोडक्यात, फील्ड लोहचुंबकाचे सोंग घेते, आणि ध्रुव बदलताच इंजिन मागे येते.

ए.सी.वर मात्र हे डायोड वाटेत नकोत, नाहीतर पुन्हा तीच थरथर. यासाठी सहा पायांचा छोटा सरकता स्विच घेतला. रिलेकडून फील्डकडे येणाऱ्या दोन तारा न कापता, डाग सोडवून मोकळ्या केल्या. स्विचच्या मधल्या दोन पायांना फील्डची टोके, एका बाजूला रिले, दुसऱ्या बाजूला डायोड. डायोडांची उरलेली टोके एकत्र करून तळातल्या सरकपट्टीच्या तारेला. एक अँपिअरचे साधे डायोड पुरतात. त्यांच्या उघड्या पायांवर नळी चढवायला विसरू नये, आत सगळीकडे धातू आहे.

रूळ मात्र मार्क्लिनचेच हवेत. तिथे दोन्ही रूळ मिळून एक ध्रुव आणि मधले ठिपके दुसरा. इतरांच्या पद्धतीत एक रूळ धन, दुसरा ऋण. मामांच्या इंजिनाची आसाला विद्युतरोध नसलेली चाके तिथे ठेवली तर थेट शॉर्ट होईल. चाके बदलणे मामांच्या अटीत बसत नव्हते, म्हणून तो नाद मी केला नाही.

ज्यांच्याकडे डीकोडर असलेले नवे इंजिन आहे त्यांनी हे काहीही करू नये. त्यातले बरेच डीकोडर दोन्ही प्रवाह मुळातच ओळखतात. आमचे इंजिन डी.सी.वर जरा सावकाश धावते. ए.सी.वर त्याला १६ व्होल्ट मिळत. इथे मुळात १२, त्यातला पाऊण व्होल्ट डायोड खातो. मामांना तो वेग अधिक आवडतो.