जनुकबदल केलेले मासे : सुरक्षिततेची पूर्वतपासणी

शेतात पेरलेले नवे बियाणे अनिष्ट ठरले, तर पीक उपटून टाकता येते. वाहत्या पाण्यात निसटलेला मासा मात्र पुन्हा गोळा करता येत नाही. म्हणूनच जनुकीय बदल केलेले मासे आणि कालवे, कोळंबी यांसारखे कवचधारी जलचर यांवरील संशोधनात पर्यावरणाच्या सुरक्षिततेचा विचार प्रयोगापूर्वीच करावा लागतो.

या विचाराला अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्लागार समितीने १९९५ मध्ये पद्धतशीर रूप दिले. तिची मानके ऐच्छिक होती. त्यांत संशोधकापुढे क्रमाने प्रश्न मांडलेले होते. नव्या जनुकामुळे प्राण्याची वाढ, प्रजनन किंवा थंडी-उष्णता सोसण्याची शक्ती बदलते काय? निसटल्यास तो जवळच्या जलाशयात जगेल काय? तेथील सजातीयांशी त्याचा संकर होईल काय? तो वंध्य आहे काय? उत्तरातून धोका दिसला, किंवा उत्तर देण्याइतकी माहितीच नसली, तर प्राणी बंदिस्त ठेवण्याची व्यवस्था अपेक्षित होती. माहितीचा अभाव म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे या पद्धतीचे सूत्र होय.

बंदिस्त व्यवस्थाही एकाच अडथळ्यावर विसंबून चालत नाही. मोठा मासा जाळीने अडतो; कालवांच्या सूक्ष्म अळ्या मात्र दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतात. म्हणून बारीक जाळ्या, बाहेर सोडावयाच्या पाण्यावरील प्रक्रिया, पुरापासून सुरक्षित जागा, पहारा आणि वंध्यत्व असे अनेक अडथळे योजावे लागतात.

संकराचा धोका किती दूरगामी असू शकतो, हे पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर व रिचर्ड हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये गणिताने दाखविले. जनुकबदल केलेला मासा आकाराने मोठा असल्यामुळे जोडीदार मिळविण्यात सरस ठरला, पण त्याची संतती कमी प्रमाणात जगली, तर वन्य माशांचा तो समूहच कालांतराने नष्ट होऊ शकतो.

अटलांटिक सॅमनचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. चिनूक सॅमनचे वाढसंप्रेरक जनुक घातल्याने हा मासा सुमारे निम्म्या काळात विक्रीयोग्य होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. वाढवावयाचे मासे केवळ माद्या असत, गुणसूत्रांच्या तीन संचांमुळे वंध्य असत आणि जमिनीवरील टाक्यांत ठेवले जात. अंड्यांच्या खेपेत असे तीन संच असलेल्या अंड्यांचे प्रमाण किमान ९५ टक्के असावे, अशी अट होती. म्हणजेच वंध्यत्व हा एकटा अडथळा पुरेसा नव्हता. २०२० मध्ये तेथील न्यायालयाने मान्यता रद्द केली नाही; परंतु निसटण्याची शक्यता कमी असली तरी निसटल्यास वन्य सॅमनवर काय परिणाम होईल, हेही तपासले पाहिजे, असे सांगून फेरविचाराचा आदेश दिला. पुढे २०२४ च्या अखेरीस उत्पादक कंपनीने आर्थिक अडचणींमुळे मत्स्यपालन थांबविले.

भारतातही पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांनी जनुकबदल केलेल्या सजीवांवरील संशोधन शासकीय समित्यांच्या देखरेखीखाली आणले आहे. जलचरांच्या बाबतीत या देखरेखीचे मोल अधिकच आहे. कारण पाण्यात घडलेली चूक प्रवाहाबरोबर पसरत जाते.