तांड्याची बोली

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी हे गाव लागते. येथील विडी-कामगारांच्या वसाहतीत मराठीच्या जोडीला तेलुगू व कन्नडही कानी पडते. याच दक्षिण सोलापूर तालुक्यातील मुळेगाव तांडा ही मात्र बंजारा लोकांची वस्ती होय. त्यांची बोली निराळी; तिला गोरबोली म्हणतात.

आगगाडी येण्यापूर्वी बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत. या व्यापारास ‘लदेणी’ असे नाव होते. राजस्थानी बोलींशी नाते सांगणारी त्यांची भाषा अशीच बैलांच्या पावलांबरोबर दक्षिणेत उतरली. आपला ‘घोडा’ तिच्यात ‘घोडो’ होतो आणि आई ‘याडी’ होते. आगगाडी आली, लदेणी संपली. बोली मात्र टिकून राहिली.

२०११ च्या जनगणनेत ती बोलणारे ३२ लाखांहून अधिक लोक आढळले. तिला परंपरेने स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहितात. त्यामुळे सोलापुरात लिहिलेले होळीचे लेंगीगीत तेलंगणातील बंजाऱ्यास कदाचित वाचता येणार नाही. पण ते कानी पडताच तो ओळखील.

तांड्यातील मूल शाळेत मराठी शिकते, हे योग्यच आहे. परंतु घरी याडीशी तिच्या बोलीत बोलणे त्याने सोडले, तर ती गीते पुढे कोण गाणार? जी भाषा मुखानेच जगली, तिचे रक्षण मुखानेच व्हावयाचे.

स्वाध्याय
१. ‘लदेणी’ म्हणजे काय?
२. तुमच्या घरच्या बोलीतील पाच शब्द लिहा व त्यांचे अर्थ वर्गात सांगा.