जुन्या गाडीतला पेट्रोलचा पंप हलवण्यापूर्वी



आपल्या शाळेच्या एका पालकांनी आपल्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून चालू स्थितीत जपली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गाडी घेऊन धुळ्यापर्यंत जाऊन यावे, असा त्यांच्या घरचा विचार आहे. अडचण एकच. उन्हात घाट चढताना गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. त्यांना कोणीतरी सल्ला दिला की, इंजिनावरचा पेट्रोलचा पंप काढा, मागे टाकीजवळ विजेचा पंप बसवा, चावीच्या स्विचवरून एक वायर ओढा, काम झाले. हे करावे का, असे त्यांनी आम्हाला विचारले.

आमचे उत्तर असे : पंप मागे नेण्यात शास्त्र आहे, पण "वायर ओढा, काम झाले" यात धोका आहे. हे उत्तर समजून घ्यायला नववी-दहावीचे विज्ञान पुरते. म्हणून या अंकाचा पाठ याच विषयावर देत आहोत.

गाडीची थोडी ओळख

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. त्यातलीच फियाट ११०० पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. तिचे इंजिन १०८९ सी.सी.चे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या परिचयाची होती. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आता उरल्या आहेत त्या घरोघरी जपलेल्या गाड्या.

या गाडीत टाकी मागे आणि इंजिन पुढे. मधल्या नळीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देण्याचे काम इंजिनावर बसवलेला पंप करतो. त्याच्या आत लवचीक पडदा असतो, ज्याला डायफ्रॅम म्हणतात. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरला की एक दांडी हलते आणि पडदा खालीवर होतो. एक झडप पेट्रोल आत घेते, दुसरी पुढे सोडते. या पंपाला वीज लागत नाही.

घाटात गाडी का थांबते?

प्रेशर कुकरचा नियम आठवा. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, म्हणून आपल्याकडे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळते. पाण्याला एकच उत्कलनबिंदू असतो. पेट्रोल मात्र अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, जड घटक २०० अंशांच्या जवळ.

आता धुळ्याहून परतीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोद, गुजरी करत गाडी मानपूरच्या घाटाला लागते. निमाडातले मे महिन्याचे ऊन, खालच्या गिअरमध्ये जोर लावणारे इंजिन आणि वेग कमी असल्यामुळे समोरून येणारा वारा थोडा. पंप इंजिनाला चिकटलेला असल्याने तोही तापतो.

दुसरी गोष्ट दाबाची. पंप पेट्रोल ओढतो म्हणजे नळीत दाब कमी करतो आणि बाहेरची हवा टाकीतले पेट्रोल वर ढकलते. इंदूरच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. पंप टाकीच्या तळापासून अर्धा मीटर उंच आहे असे धरू. पेट्रोलची घनता घनमीटरला ७४० किलो घेतली, तर ७४० × ९.८ × ०.५ म्हणजे सुमारे ३.६ किलोपास्कल दाब उंचीतच जातो. चढावर गाडीचे नाक वर होते. दहास एक चढ आणि ३ मीटर नळी असेल तर पंप टाकीपेक्षा आणखी ०.३ मीटर वर जातो, म्हणजे आणखी सुमारे २.२ किलोपास्कल गेले. पंपाच्या तोंडाशी साधारण ८९ उरले. गाळणीत कचरा असेल तर त्याहूनही कमी.

उष्णता जास्त आणि दाब कमी असला की पेट्रोल नळीतच उकळते. पंपात द्रवाऐवजी वाफ येते. पडदा हलत राहतो, पण वाफ नुसतीच दाबली जाते आणि सुटते, पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. आपले मेकॅनिक "पंपाने हवा धरली" म्हणतात, पण खरे तर ती पेट्रोलचीच वाफ असते. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकत असत. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, पंप थंड होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. हा उपाय पूर्णपणे शास्त्रीय आहे.

पंप मागे नेल्याने काय बदलते?

पंप टाकीजवळ, टाकीच्या पातळीला किंवा त्याखाली बसवला की त्याला ओढावे फारसे लागत नाही, तो ढकलतो. कार्बोरेटरला चालणारा दाब ०.२ बारच्या आसपास, म्हणजे २० किलोपास्कल असतो. ९५ मध्ये २० मिळवले तर ११५, आणि उंचीचे ६ वजा केले तर इंजिनाजवळच्या नळीत सुमारे १०९ किलोपास्कल राहतात. ८९ आणि १०९ मधला हा फरक पेट्रोलला द्रवरूपात ठेवायला मदत करतो. शिवाय पंप इंजिनाच्या उष्णतेपासूनही दूर जातो.

नुसता विजेचा पंप घेतल्याने हा लाभ मिळत नाही. जुन्या मॉरिस मायनर गाडीत विजेचाच पंप होता. चावी फिरवली की त्याची टिकटिक ऐकू येई. पण तो इंजिनाच्या खोलीतच बसवलेला असल्याने त्यालाही पेट्रोल लांबून ओढावेच लागे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप थेट टाकीच्या आत असतो, तो याच कारणाने.

मात्र कार्बोरेटरमधले पेट्रोल बाहेरच्या हवेला उघडे असते. ते तापून उकळले तर मागचा पंप काही करू शकत नाही. त्यासाठी नळी गरम भागापासून दूर ठेवणे आणि मध्ये पत्र्याची आड लावणे हाच उपाय आहे.

वायरिंगचे गणित

समजा पंपाला २ अँपिअर प्रवाह लागतो. चावीच्या जुन्या स्विचवरून ०.५ चौरस मिलिमीटरची ५ मीटर तांब्याची वायर ओढली, तर तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम. जुन्या गंजलेल्या जोडांचा ०.५ ओहम धरू. एकूण ०.६७ ओहम. ओहमच्या नियमाने २ × ०.६७ = १.३४ व्होल्ट वाटेतच गेले. पंपाला १२ ऐवजी १०.६६ व्होल्ट मिळतील आणि तो मंद चालेल. शिवाय त्या जोडांवर २ × २ × ०.५ = २ वॉट उष्णता सतत तयार होत राहील.

म्हणून रिले वापरतात. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. चावीकडून आलेला लहानसा प्रवाह फक्त चुंबक जागा करतो. पंपाचा प्रवाह बॅटरीपासून वेगळ्या जाड वायरने जातो. २ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर वायरमधली घट ०.१ व्होल्टच्या आत राहते. पंपाची अर्थची वायरही बॉडीच्या रंग खरवडलेल्या, स्वच्छ जागी घट्ट बसवावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कोणतेही संरक्षण नसते.

जुना पंप न सांगता करत असलेले काम

आता मुख्य मुद्दा. जुना पंप इंजिनाने चालतो. इंजिन थांबले की तोही थांबतो. अपघात झाला, नळी तुटली, गाडी उलटली, तरी इंजिन बंद पडताच पेट्रोल ढकलणे बंद होते. हे काम त्याला कोणी वेगळे सोपवलेले नव्हते, त्याच्या जागेमुळे ते आपोआप होत होते.

विजेच्या पंपाला इंजिन चालू आहे की बंद, हे कळत नाही. चावी चालू राहिली तर तो ढकलतच राहतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने, लिटरला १२ किलोमीटर चालणारी गाडी तासाला ५ लिटर, म्हणजे १२ मिनिटांत १ लिटर पेट्रोल खाते. पंप मिनिटाला १ लिटर देणारा असेल आणि नळी तुटली असेल, तर ५ मिनिटांत ५ लिटर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर किंवा रस्त्यावर सांडेल. आत माणसे अडकलेली असतील तर काय होईल, हे आम्ही लिहायला नको.

म्हणून गमावलेले ते काम वायरिंगने परत आणलेच पाहिजे. त्याचे मार्ग आहेत. इंजिनातल्या तेलाचा दाब असेल तरच पंप चालू ठेवणारा स्विच, इग्निशनचे ठोके येत असतील तरच जोडणी देणारा रिले, आणि धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच. येथे एक सावधानता. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा लावणारा साधा स्विच या कामाचा नाही. तो तेलाचा दाब गेल्यावर जोडतो, आपल्याला दाब गेल्यावर तोडणारा हवा. पेट्या सारख्या दिसतात, काम उलटे असते.

पालकांसाठी सूचना

१. आधी टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, गाळणी आणि पंपाचा पडदा तपासून घ्यावा. पुष्कळदा दोष तेथेच असतो.

२. कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचाच पंप घ्यावा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ३ बारच्या आसपास दाब देतो, त्याने कार्बोरेटर भरून वाहील.

३. पंप सायलेन्सरपासून दूर आणि केबिनच्या बाहेर असावा. पंपाच्या आधी गाळणी लावावी.

४. जुना पंप पेट्रोलच्या वाटेतून पूर्ण काढावा. तो वाटेत राहिला आणि पडदा फाटला, तर नवा पंप पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात ढकलेल. रिकाम्या जागी गॅस्केटसह पत्रा लावावा.

५. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुने रबर त्यासाठी बनलेले नाही. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्यात.

६. काम जाणत्या मेकॅनिककडूनच, मोकळ्या हवेत, बॅटरीची तार काढून करून घ्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. मुलांनी हे काम पाहू नये असे नाही, पण लांबून पाहावे.

७. जुना पंप जपून ठेवावा आणि बॉडीला नवी भोके पाडू नयेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज नोंदणी मिळू शकते, पण ती मूळ रूपात आणि मोठ्या फेरबदलांविना असावी लागते.

आपल्यापैकी अनेक पालक रोज पीथमपूरच्या कारखान्यांत जातात. तेथेच २०२१ मध्ये गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक सुरू झाला. उद्या आपली मुलेही तेथे नव्या गाड्या घडवतील. त्यांना एवढी सवय लागावी, अशी आमची इच्छा आहे : कोणतीही जुनी वस्तू काढण्यापूर्वी ती कोणकोणती कामे करत होती याची यादी करावी, आणि त्यातले प्रत्येक काम आता कोण करणार, हे त्यापुढे लिहावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पंप टाकीच्या तळापासून ०.८ मीटर उंच असेल तर किती किलोपास्कल दाब उंचीत जाईल?

२. वर दिलेल्या उदाहरणात पंपाला ४ अँपिअर लागत असतील तर वाटेत किती व्होल्ट जातील? जुन्या जोडांवर किती वॉट उष्णता तयार होईल?

३. ओल्या फडक्याने पंप कोरड्या हवेत लवकर थंड होईल की पावसाळी हवेत? कारण लिहा.

४. घरातली एखादी जुनी वस्तू बदलली असेल तर ती न सांगता कोणते काम करत होती, हे आजी-आजोबांना विचारून पाच ओळींत लिहा.