दहा मिनिटांची घटना

आजच्या अभ्यासाला मोठा विषय घेतलेला नाही. चुकलेली गाडी, फुटलेला कप आणि गार झालेला चहा, एवढाच ऐवज आहे. पण वाचताना आपण आपल्या घरातली अशीच एखादी गोष्ट मनाशी धरून ठेवावी, म्हणजे पाठ उपयोगी पडेल.

मी दिल्लीत मयूर विहारला राहतो. कचेरी बाराखंबा रस्त्यावर. मेट्रोची निळी मार्गिका यमुना ओलांडून यमुना बँक स्थानकात येते आणि तिथे तिचे दोन फाटे होतात. एक अक्षरधामवरून मयूर विहार आणि पुढे नोएडा, दुसरा लक्ष्मी नगरवरून वैशाली. त्यामुळे गाडीत चढताना पाटी बघावी लागते, आणि वैशालीची गाडी मिळाली तर यमुना बँकला उतरून मागची घ्यावी लागते. दिल्लीच्या या बाजूला राहणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असते. तरीही एका संध्याकाळी मी पाटी न बघता चढलो, बसायला जागा मिळाली, डुलकी लागली आणि डोळे उघडले तेव्हा बाहेर लक्ष्मी नगरच्या इमारती होत्या. उतरलो, पलीकडच्या फलाटावर गेलो, एक स्थानक मागे आलो, योग्य गाडी पकडली. या सगळ्याला दहा-बारा मिनिटे गेली असतील. चूक पूर्णपणे माझी होती.

घरी पोचलो तेव्हा आईने चहाचे आधण ठेवले होते. आई २०२२ साली साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. हिंदी तिला कळते, बोलायचा मात्र संकोच. पत्नीला कामावरून यायला आठ वाजतात. दिवसभरात आईचे बोलणे म्हणजे खादरातली भाजी घेऊन येणाऱ्या बाईशी, तेही निम्मे बोटांनी दाखवून. संध्याकाळचा चहा हीच तिची गप्पांची वेळ. तिने विचारले, "उशीर झाला रे?" मी म्हणालो, "काही नाही." आणि कप घेऊन आतल्या खोलीत गेलो. तिने आपला चहा स्वयंपाकघरात एकटीने घेतला. माझा तसाच राहिला.

यात एवढे काय, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले होते. पण त्याच्या आदल्याच महिन्यात घडलेली दुसरी गोष्ट आठवली आणि मी जरा थांबलो.

जुलै २०२३ मध्ये यमुनेला पूर आला. १३ जुलैला जुन्या रेल्वे पुलापाशी पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले. १९७८ च्या पुराची २०७.४९ मीटरची नोंद त्याने मागे टाकली. नदीकाठच्या खादरात शेती करणारी कुटुंबे गुरे, खाटा, भांडी घेऊन मयूर विहारच्या रस्त्यांवर आली आणि ताडपत्र्यांखाली राहिली. शहरातली जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली, नळाला पाणी अपुरे येऊ लागले. त्या दिवसांत आमच्या सोसायटीतली मंडळी खिचडी घेऊन रस्त्यावर जात, मीही जात होतो. चिखल, डास, रात्रीचे जागरण, अंघोळीला अर्धी बादली पाणी. एकदाही चिडलो नाही. उलट मन कमालीचे शांत होते, आणि खरे सांगायचे तर आपली साधना बरी चालली आहे असे मला वाटूही लागले होते!

पुरात टिकलेली ती शांती लक्ष्मी नगरला दहा मिनिटांत संपली.

आपण मोठ्या प्रसंगाची तयारी करतो. मरण, आजार, आर्थिक संकट आले तर धीर कसा धरावा, यावर वाचतो, ऐकतो. मोठा प्रसंग स्वतःच आपल्याला जागे करतो, चार माणसे सोबत असतात, आपण काय करतो आहोत याचे भान असते. छोटा प्रसंग मात्र पूर्वसूचना न देता येतो. समर्थांनी हे ओळखले होते. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी त्रिविध तापांचे वर्णन केले आहे. आधिभौतिक तापाचा समास सवडीने वाचून बघा. तिथे मोठी संकटे आहेतच, पण पायाला लागलेली ठेच आहे, काटा आहे, मुंग्या, माश्या आणि डासही आहेत. डास चावणे हे तापत्रयात धरावे इतके महत्त्वाचे त्यांना वाटले. मी हा समास पूर्वी वाचला होता, पण डासांची ओळ आली की गंमत वाटून पुढे जात असे. पतंजलींनीही हिंसा, असत्य यांसारख्या वितर्कांचे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे भेद सांगितले, आणि सौम्य म्हणून कशालाच सूट दिली नाही.

आता कपाबद्दल. त्या संध्याकाळनंतर काही दिवसांनी मी पिठाचा डबा हलवला, तर मागे वर्तमानपत्राची एक पुडी होती. आत कपाचे तुकडे. कान वेगळा, बूड वेगळे. आईला विचारले तर ती ओशाळली. म्हणाली, "हातातून निसटला. तू कामावर गेलास की खाली टाकणार होते, मग विसरले."

शहात्तर वर्षांच्या बाईने लहान मुलासारखे तुकडे लपवले होते. मी तिच्यावर कधी आवाज चढवलेला नाही. पण दार उघडल्यावर माझा चेहरा कसा आहे, यावरून ती रोज अंदाज बांधत होती, हे मला त्या पुडीने सांगितले. माझ्या दहा मिनिटांच्या घटना मी घरात आणून रात्रीपर्यंत चालवत होतो, आणि तिची मात्र एक क्षणाची घटना सांगायची सोय उरली नव्हती.

तेव्हापासून एक साधी वही ठेवली आहे. आपणही महिनाभर ठेवून पाहा. रात्री झोपण्यापूर्वी दोनच आकडे लिहायचे. दिवसातली एक अडचण: ती प्रत्यक्षात किती मिनिटांची होती आणि मी ती किती वेळ मनात चालवली. मग एक सुखाची गोष्ट, तिचेही तसेच दोन आकडे. कारणे लिहायची नाहीत. दोष कोणाचा हेही नाही. कारणे लिहायला लागलो की वही म्हणजे तक्रारवही होते, हे मी अनुभवाने सांगतो.

माझ्या पहिल्या आठवड्यातले आकडे असे. लिफ्ट बंद, जिने चढायला चार मिनिटे, मनात दोन तास. डबा विसरलो, मनात दुपारभर. सुखाच्या बाजूला मात्र दुसरा आकडा जवळजवळ रोज शून्य. ऑक्टोबरात दिल्लीत सातविणीला फुले येतात, संध्याकाळी त्यांचा वास रस्ताभर असतो. आमच्या फाटकाशी एक झाड आहे. वास घेतला, बरे वाटले, लिफ्टचे बटण दाबेपर्यंत विसरलो. पूल ओलांडताना गाडीच्या खिडकीतून दिसणारे नदीचे पात्र, थंडीत कोवळ्या मटारची आईने केलेली उसळ, सगळ्यांपुढे शून्य. मला वाटत होते माझ्या दिवसात सुख कमी आहे. वहीने दाखवले की ते येत होते, मीच त्याला बसायला सांगत नव्हतो.

दोन गोष्टींची सावधगिरी. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाशी तुलना करून स्वतःला गप्प करू नका. ताडपत्रीखालची माणसे आठवून मी काही दिवस तसे केले, पण कोणाचे वाहून गेलेले घर हे माझ्या चिडचिडीवरचे औषध असू शकत नाही. आणि "मला काहीच वाटत नाही" असा चेहरा करू नका. घरातल्यांना तो लगेच ओळखू येतो. गाडी चुकली तर दारातच सांगावे, "झोपलो आणि लक्ष्मी नगरला गेलो." सांगून टाकले की तिथेच बरेचसे संपते, असा माझा अनुभव आहे. आई तर आता विचारते, "आज कुठे फिरून आलास?"

अजूनही आकडे फार सुधारलेले नाहीत. परवाची नोंद मात्र वेगळी होती. मी बूट काढतच होतो, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, आज सगळं दूध उतू गेलं. ओटा भरला, गॅसही विझला. कोरा चहा चालेल ना?"

त्या रात्री वहीत लिहिले: दूध, पाच मिनिटे. कोरा चहा, पाऊण तास.